पंतप्रधानांची पहिली वाफ

कापितोलिना येगोरोव्ना संध्याकाळच्या बातम्या उभ्याने बघायची. बसून बघावं असं त्यात काही नसतं, हे तिचं म्हणणं. पण ज्या दीडेक वर्षात मॉस्कोत पंतप्रधान ओल्या साबणासारखे एकामागून एक निसटत होते, त्या काळात निवेदकाने तोंड उघडण्याआधीच ती टीव्हीसमोर हजर असायची. आमच्या वेर्ख्नया गारमध्ये त्या खुर्चीत कोण बसलंय याचं बाकी कुणाला सोयरसुतक नव्हतं. हिला होतं. हिची न्हाणी त्या खुर्चीच्या पायाला बांधली गेली होती.

न्हाणी म्हणजे गावची दोन नंबरची सार्वजनिक न्हाणी. पुढे कपडे काढायची खोली, मग तोट्या आणि दगडी बाकांची खोली, आणि शेवटी वाफेची खोली, जिच्या एका भिंतीत विटांची मोठी भट्टी. भट्टीत दगड तापवायचे, त्यावर डावाने पाणी फेकायचं, आणि लाकडी पायऱ्यांवर चढून बसायचं. एक नंबरची न्हाणी एकाने विकत घेतली होती आणि तिथे आता सोफे विकत होता. कारखान्याच्या बराकींत गरम पाणी नव्हतं. थंड होतं, तेही सगळ्या मजल्यांवर चढायचं नाही. तेव्हा व्हॉल्व्हच्या कारखान्यातली ओतकाम करणारी, घासकाम करणारी, त्यांच्या बायका आणि म्हाताऱ्या, सगळ्यांचं अंग कापितोलिनाच्या हाती होतं. शुक्रवार बायकांचा, शनिवार पुरुषांचा.

ती लाकूडतोड्यांच्या वस्तीतून पोरवयात आली. आधी ओंडके वाहायची, मग भट्टी पेटवायची, मग सगळंच तिच्याकडे आलं. नवरा वेन्यामिन क्रेन चालवायचा. तो कामासाठी उत्तरेला गेला आणि तिकडेच राहिला. ती त्याला आणायला गेली नाही. "क्रेन घेऊन गेला असता तर गेले असते," असं म्हणायची.

काम कसं करायची ते सांगतो. बाक रोज उकळत्या पाण्याने आणि ब्रशने घासायची, वरून नाही, खालून आधी. सफाईला नवी बाई आली की तिला फडकं पिळून दाखवायला सांगायची, आणि पिळलेल्या फडक्यातून थेंब पडला की परत पिळायला लावायची. ओलं लाकूड भट्टीत घातलेलं मी कधी पाहिलं नाही. दगडांवर पाणी फेकायची तेही गरम आणि थोडं थोडं, त्यामुळे वाफ अंगावर धावून यायची नाही, हळूच मांडीवर येऊन बसायची. कारखान्याच्या डायरेक्टरने एकदा वाफेच्या खोलीत साबण लावला, तर तिने त्याला फेसासकट बाहेर काढलं होतं.

मी भट्ट्या बांधायचो. तिची भट्टी दर काही वर्षांनी मीच सारखी करायचो. त्या हिवाळ्यात मात्र कमानच तडकली. लिंपून भागण्यासारखं नव्हतं. धूर आत यायला लागला आणि आरोग्य खात्याच्या बाईंनी सांगितलं, वसंतापर्यंत चालवा, मग कुलूप.

कापितोलिना नगरपालिकेत गेली. तिथे उपप्रमुख वादिम लवोविच होता. गोरा, गुबगुबीत, पायजम्याच्या नाडीसारखा बारीक टाय.

"आमच्याकडे पैसे नाहीत, कापितोलिना येगोरोव्ना."

"मी पैसे मागत नाही. विटा मागते."

"विटा पैशांच्याच असतात."

"मग भिंतीतली वीट काढून द्या. तुमच्या या भिंतीच्या आत कुठे भट्टी आहे?"

ती रिकाम्या हाताने परत आली. बराकीत तिच्या शेजारी आग्निया राहायची. ती ओतशाळेत साचे बनवायची. आता तिची बोटं थंडीत मुठीसारखी मिटायची आणि वाफ मिळाली तरच उघडायची. कापितोलिना दर शुक्रवारी तिला वरच्या पायरीवर बसवून एकेक बोट सोडवायची. कुलूप पडलं तर काय, हे दोघींपैकी कुणी बोलून दाखवलं नाही.

आणि मग बातमी आली की पंतप्रधान आमच्या कारखान्याला भेट देणार आहेत.

दौरा म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. स्टेशनपासून कारखान्यापर्यंतच्या कुंपणाची पुढची बाजू रंगवली. मागची नाही. आयुष्यभर कुंपणं पाहिली, पण प्रत्येक वस्तूला एकच बाजू असते असं समजून काम करणारी माणसं मला दौऱ्याच्या वेळीच भेटली. रस्त्याकडेचा बर्फ कारखान्याच्या काजळीने काळा पडतो. तो उलटून पांढरी बाजू वर आणायला शाळेतल्या शिक्षकांना फावडी दिली. मग ते ढीग फळ्यांनी थोपटून चौकोनी केले. नेटकं काम होतं, मान्य करायला हवं. धार अशी की बोट कापावं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं.

न्हाणी त्याच रस्त्यावर. रंगारी आले आणि रस्त्याकडची भिंत जर्दाळू रंगाने रंगवायला लागले. वादिम लवोविच देखरेखीला उभा होता. मी त्या वेळी कमानीला टेकू देत होतो, तो आवाज ऐकून बाहेर आलो.

"भिंत कशाला रंगवताय?" कापितोलिना विचारत होती. "आत भट्टी फुटलीय."

"भट्टी गाडीतून दिसत नाही."

"धूर दिसतो."

"त्या दिवशी पेटवायची नाही."

ती काही वेळ त्या जर्दाळू भिंतीकडे बघत राहिली. मग हात पुसत, बाजारात कांद्याचा भाव विचारावा तशा आवाजात म्हणाली, "बरं. साहेबांना जुडी कसली लागते? बर्चची की ओकची?"

जुडी म्हणजे पानांसकट बांधलेल्या डहाळ्या. वाफेत बसलं की त्या जुडीने अंग झोडपून घेतात. ज्याची त्याची आवड असते.

"म्हणजे?" वादिम लवोविच म्हणाला.

"म्हणजे निवडून ठेवते. आयत्या वेळी मागितली आणि भलतीच निघाली तर तुम्हालाच बोलणी बसतील."

ते वाफ घेणार आहेत असं ती म्हणाली नाही. मी शेजारी उभा होतो, एक शब्दही म्हणाली नाही. फक्त विचारलं. पण आमच्याकडे वरच्या माणसाबद्दल 'मला माहीत नाही' असं कुणी बोलत नाही. बोलला तो संपला. वादिम लवोविचने मान डोलावली आणि जाऊन नगरप्रमुखाला विचारलं. नगरप्रमुखाने प्रांताच्या कचेरीत फोन लावला. तिथे ज्याने उचलला त्यालाही ठाऊक नव्हतं, त्याने आणखी वर लावला. वर कुठपर्यंत गेलं देव जाणे, पण प्रत्येक पायरीवर प्रश्न जरा पक्का होत गेला असणार. संध्याकाळी उत्तर खाली आलं: ओकची. आणि त्याबरोबर विचारणा: न्हाणी तयार आहे ना?

दुसऱ्या दिवशी भट्टीच्या विटांनी भरलेला ट्रक दारात उभा होता.

मी जुनी कमान उतरवली, नवी चढवली. कापितोलिना एकेक वीट पाण्यात बुडवून हातात देत होती. वादिम लवोविच दर तासाला डोकावायचा.

"लुकिच, परवापर्यंत पेटेल?"

"बांधून होईल. वाळायला वेळ लागेल."

"पंखे लावू."

"पंख्याने वरून वाळेल आणि आतून तडकेल. मग त्यांच्या टाळक्यावर येईल."

"असं बोलू नका हो!" तो छताकडे बघत कुजबुजला. छतात कुणी नव्हतं.

मी ती सावकाश वाळवली. रोज थोडी थोडी लाकडं जाळून, जशी वाळवायची तशी. भट्टी चांगली झाली. बाकी जे झालं त्याच्याशी माझा संबंध नाही. कपडे काढायच्या खोलीत चामड्याचा सोफा आला, एक नंबरवाल्या न्हाणीतूनच. हातात तबक धरलेलं लाकडी अस्वल आलं. काचेच्या लोलकांचं झुंबर आलं. कापितोलिना म्हणाली, "लोलकांवरून घाम टपकेल." तसंच झालं असतं, पण बघायला कुणी नव्हतं. दौऱ्याच्या आदल्या शनिवारी दारावर लाखेचं सील पडलं. पहिली वाफ पंतप्रधानांची.

सोमवारी राष्ट्राध्यक्षांनी अख्खं सरकार घरी पाठवलं.

कापितोलिनाने बातम्या उभ्याने पाहिल्या, डोक्याला रुमाल बांधला आणि सरळ नगरपालिकेत गेली.

"गेला ना तो? आता सील काढा. उद्या शुक्रवारची लाकडं आणायचीत."

"माणूस गेलाय, कापितोलिना येगोरोव्ना," वादिम लवोविच म्हणाला. "पद गेलेलं नाही."

"पद आंघोळ करतं का?"

"दौरा रद्द झालेला नाही. पुढे ढकललाय."

नवा पंतप्रधान आला. तरुण होता. आता गंमत अशी झाली की उत्तर वरून 'ओक' आलं हे वादिम लवोविचच्या लक्षात होतं, आणि प्रश्न कापितोलिनाने विचारला होता हेही. दोन्ही जोडून त्याने निष्कर्ष काढला की साहेब वाफ घेतात हे हिला आधीच ठाऊक होतं, म्हणजे हिचं मॉस्कोत कुणीतरी आहे. मग गावाला आठवलं की हिचा नवरा उत्तरेला गेला तो परत आलाच नाही. महिन्याभरात वेन्यामिन गावाच्या तोंडी क्रेनवरून उतरून कर्नल झाला. पुढे जनरलही झाला. ज्याने आयुष्यात वेळेवर काम सुरू केलं नाही त्याला घरबसल्या एवढी बढती मिळाली.

वादिम लवोविच स्वतः तिच्याकडे आला. केक घेऊन.

"नवीन साहेब... वाफ घेतात का?"

तिला वाटलं, आता सुटले. म्हणाली, "नाही. ते पोहतात. वाफेकडे ढुंकूनही बघत नाहीत. तेव्हा न्हाणी उघडा आणि लोकांना अंग धुऊ द्या."

"पोहतात," तो म्हणाला. केक तिथेच ठेवून लगबगीने गेला.

पुढच्या आठवड्यात न्हाणीच्या मागच्या अंगणात खोदयंत्र आलं. पोहण्याचा तलाव. पहिल्याच दिवशी त्यांनी सांडपाण्याचा पाइप तोडला. खड्ड्याचा एकही काठ सरळ नव्हता, तळ एकीकडे कललेला, काढलेली माती परत आत घसरेल अशा जागी रचलेली. चार माणसं खणत होती आणि सात माणसं त्यांना कसं खणायचं ते सांगत होती. मला तिथून रोज जावं लागायचं. मी पलीकडच्या बाजूने जायला लागलो.

ऑगस्टमध्ये रुबल कोसळला आणि तो तरुणही गेला. खोदणारे खोरी टाकून गेले. खड्ड्यात पाणी साचलं आणि बदकं आली. पाइप तेवढा कापितोलिनाने कारखान्याच्या माणसांना पकडून जोडून घेतला. कुणाच्या परवानगीने, असं विचारलं तेव्हा म्हणाली, "बदकांच्या."

तिसरा आला तो वयस्कर. वादिम लवोविच पुन्हा दारात. या वेळी चॉकलेटचा डबा.

"मला काही माहीत नाही," कापितोलिना म्हणाली. एकदा खोटं न बोलता विचारून, एकदा खोटं बोलून, दोन्ही करून झालं होतं. आता खरं बोलून बघत होती.

हे वाक्य त्याने नोकरीत पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्याचा चेहरा गंभीर झाला. "समजलो," तो हळूच म्हणाला. "मी विचारलं नाही असं समजा." आणि दुसऱ्या दिवसापासून न्हाणीच्या दारात पोलीस उभा राहिला.

तो ताल्गात. आमच्याच बराकीतला तातार. सरळ माणूस. हिवाळा लागला तरी तो सील राखत उभा होता आणि कापितोलिना त्याला चहा नेऊन द्यायची.

"घरी कसं काय?" ती विचारायची.

"काय सांगू, कापामावशी. बायको म्हणते, गावातली एकुलती एक न्हाणी राखतोस आणि अंगाला बोकडाचा वास येतो. परवापासून वेगळी झोपते."

"मग उघड ना दार. तुझ्यामाझ्याशिवाय आहे कोण इथे?"

"माझी नोकरी जाईल."

"आणि बायको?"

"तीही त्याच नोकरीवर टिकून आहे, मावशी."

बराकींत लोक स्वयंपाकघरात पातेली तापवून अंग पुसत होते. सगळ्या जिन्यांना ओल्या लोकरीचा वास. आग्नियाची बोटं मिटली ती उघडेनात. चमचा धरवेना. कापितोलिना तिला कुट्टूची खिचडी भरवायची. आग्नियाची जीभ मात्र मिटली नव्हती.

"हळू. मी काय भट्टी आहे, फावड्याने घालतेस ती?"

"गिळ."

"ओकची की बर्चची! काय गरज होती विचारायची? तुझ्या एका प्रश्नाने माझे हात गेले, कापा."

"भट्टी तर नवी झाली ना?"

"झाली. माझ्या थडग्यावर बसव."

कापितोलिनाने वाडगा खाली ठेवला. मी तिथेच होतो, त्यांच्या चुलीचं दार दुरुस्त करत. रिकामे हात घेऊन बसलेली मी तिला त्याआधी पाहिली नव्हती. मग म्हणाली, "ही माणसं उत्तराला घाबरत नाहीत. प्रश्नालाच घाबरतात."

"मग?"

"मग आणखी एक विचारते. ऊठ रे लुकिच. बूट घाल."

वादिम लवोविचने आम्हाला खुर्च्या दिल्या. जनरलच्या बायकोला देतात तशा, पुढे ओढून.

"एकच विचारायचं होतं," कापितोलिना म्हणाली. "साहेब आले, भट्टी पेटवली. पहिल्यांदा आत कोण बसणार?"

"ते. पहिली वाफ त्यांची."

"म्हणजे जवळजवळ वर्षभर थंड पडलेल्या भट्टीत? त्यांच्या आधी कुणीच नाही?"

त्याने टाय सैल केला.

"धुराड्यात कावळ्याने घरटं केलं असेल तर?" ती म्हणाली. "धूर दिसला तर माणूस पळेल तरी. पण निखाऱ्यांचा वायू दिसत नाही. माणूस पेंगतो. सगळ्यांना वाटतं, साहेब निवांत झालेत."

"लुकिच!" तो माझ्याकडे वळला. "भट्टी चांगली आहे ना?"

"बांधली तेव्हा होती," मी म्हणालो. "आता पेटवल्याशिवाय सांगता येत नाही." हे खरंच होतं.

"तर तुम्ही आधी बसून बघा," कापितोलिना त्याला म्हणाली. "तुमच्या हातचं सील आहे."

"मी?" त्याचा हात छातीवर गेला. "मला डॉक्टरांनी... रक्तदाब आहे."

"मग दुसरं कुणी. धडधाकट एखादा. नाही, थांबा. साहेब तर वयस्कर आहेत. वयस्करच कुणीतरी पाहिजे."

"हं. वयस्कर."

"आणि एक तरुण असू द्या."

"तरुण कशाला?"

ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तरुण जाऊन म्हातारा आल्याला अजून वर्षही झालं नव्हतं. वादिम लवोविचने दाराकडे पाहिलं, उठला, दार लावलं, परत बसला.

"एक जाडा, एक बारीक," ती म्हणाली. "कोण कसा निघेल, आपण आत्ता कसं सांगायचं?"

"कापितोलिना येगोरोव्ना, असं मोठ्याने नका बोलू."

"मी हळूच बोलतेय. आणि त्यांच्याबरोबर बाईसाहेब आल्या तर? शुक्रवारी बायकाही बसवून बघायला हव्यात."

"ठीक आहे. एकदा तपासणी करून घेऊ."

"एकदा? ते कधी येणार ते तुम्हाला कळवलंय का?"

कळवलेलं नव्हतं. आणि कळवलेलं नाही हे तो सांगू शकत नव्हता.

"म्हणून म्हणते, दर आठवड्याला," ती म्हणाली. "मग कुठल्याही दिवशी येऊ देत. तुम्ही सांगू शकाल की परवाच तपासलीय, सगळे जिवंत आहेत."

असा आदेश निघाला. न्हाणी बंदच, जनतेसाठी. पण वाफेची नियमित चाचणी घेण्यात येईल, त्यासाठी विविध वयाचे आणि विविध आकाराचे विश्वासू नागरिक निवडण्यात येतील, निवड कापितोलिना येगोरोव्ना करतील. तिने सगळ्या बराकी निवडल्या.

पहिल्या शुक्रवारी आग्नियाला घसरगाडीवर घालून आणलं. वादिम लवोविचने दारापाशी येऊन भाषणही केलं, जबाबदारी, गोपनीयता वगैरे. बायका जुड्या काखेत धरून बर्फात पाय आपटत ऐकत होत्या. शेवटी आग्निया घसरगाडीवरून म्हणाली, "बाबा रे, तुझ्या पंतप्रधानासाठी मरायला मी तयार आहे, पण आधी आत ने."

ताल्गातचं काम तेवढं बदललं. चाचणी संपली की त्याने बाहेर पडणाऱ्यांना विचारायचं आणि नगरपालिकेत फोन करायचा.

"कशी होती वाफ?"

"सांग त्यांना, त्यांना चालेल," आग्निया म्हणाली. तिचा चेहरा बीटासारखा लाल झाला होता आणि रुमालाची गाठ ती स्वतःच्या बोटांनी मारत होती, चुकत, पुन्हा मारत. कापितोलिना शेजारी उभी होती. मदत केली नाही.

सोफ्यावर बसायला बंदी होती. त्याच्यावर चादर घातलेली. अस्वलाच्या तबकात लोक साबण ठेवायचे.

उरलेला हिवाळा असा निघाला. मे महिन्यात एका बुधवारी तिसराही गेला. त्या शनिवारी आम्ही पुरुष आत होतो. मी अंग पुसायला पुढच्या खोलीत आलो, तर दारात वादिम लवोविच. कोट, टाय, एका हातात लाखेची कांडी, दुसऱ्या हातात पितळी शिक्का.

"चाचणी थांबवायची," तो कापितोलिनाला सांगत होता. "ती त्या साहेबांसाठी होती. नव्या साहेबांबद्दल सूचना येईपर्यंत बंद. सगळ्यांना बाहेर बोलवा."

"माणूस गेलाय, पद गेलंय का?" ती म्हणाली.

"हे तुम्ही मला शिकवू नका."

"शिकवत नाही. पण वाफेतून मी कुणाला ओढून बाहेर काढत नाही. त्यांनी पैसे... नाही, आता पैसे नाही, त्यांनी देशासाठी घाम गाळलाय. तुम्हीच आत जाऊन सांगा."

तो दाराकडे निघाला. ती आडवी आली.

"कपड्यांनी नाही."

"मी नगरपालिकेचा उपप्रमुख आहे."

"म्हणून तर. कोट खराब होईल."

तिच्या मागे जनरल उभा आहे असं त्याला अजून वाटत असावं. त्याने कोट काढला. मग टाय. मग बाकीचं, घडी घालून, अस्वलाच्या हातावर. लाख खाली ठेवली, शिक्का मात्र सोडला नाही. तो मुठीत धरून आत गेला. मी मागोमाग गेलो, हे चुकवण्यासारखं नव्हतं.

वरच्या पायरीवर ओतशाळेची माणसं लोकरी टोप्या घालून बसली होती.

"नागरिकहो," तो म्हणाला.

"दार लाव!" वरून सगळे ओरडले.

त्याने दार लावलं. "नागरिकहो, परिस्थिती बदललेली असल्यामुळे..."

"खाली बस रे बाबा, उभ्याने टाळू भाजेल."

"परिस्थिती..." आणि मग त्याने किंचाळून मूठ उघडली. पितळ आहे, वाफेत तापणारच. शिक्का पायरीवर आदळला आणि फळ्यांच्या फटीतून खाली गेला. तो काढायचा तर पायऱ्या उचकटाव्या लागल्या असत्या. कुणी हललं नाही.

कापितोलिना आत आली ती दोन जुड्या भिजवून. "पालथे पडा," ती म्हणाली.

"माझा रक्तदाब..."

"म्हणून खालच्या पायरीवर. पडा."

आता जुडीने मारतात असं ज्यांना वाटतं त्यांनी तिला बघायला हवं होतं. मारायचं नसतं. आधी जुडी हवेत फिरवून वरची ऊब खाली ओढायची. मग पाठीवर टेकवायची, दाबायची, थांबायचं. मग टाचांपासून खांद्यांपर्यंत, पानं नुसती सरसरत. मग पुन्हा. दमाचं काम आहे. आमच्यात कुणाचंही ती असंच करायची, त्याचंही तसंच केलं, ना कमी ना जास्त. पहिल्यांदा तो कण्हत होता. मग गप्प झाला. मग त्याच्या तोंडून असा एक आवाज निघाला की वरचे सगळे हसायचं थांबले. त्यांना तो आवाज ओळखीचा होता.

पुढच्या खोलीत तो चादरीत गुंडाळून बसला, बंदीच्या सोफ्यावर. कुणी हटकलं नाही. ताल्गातने क्वासचा, म्हणजे पाव आंबवून केलेल्या थंड पेयाचा, मग हातात दिला. त्याने तो एका दमात संपवला. डोळे मिटून बराच वेळ बसला.

"कापितोलिना येगोरोव्ना," तो शेवटी म्हणाला, "हे नवे साहेब... वाफ घेतात का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

त्याने विचार केला. प्रामाणिकपणे विचार करताना मी त्याला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"घेत असावेत," तो म्हणाला.

"मग चाचणीचं काय करायचं?"

"चालू ठेवावी लागेल. मी स्वतः लक्ष घालतो. शनिवारी किती वाजता पेटवता?"

"सकाळी. दुपारी या. आणि लोकरी टोपी आणा, कान भाजतात."

ते साहेब ऑगस्टपर्यंत टिकले. सोमवारी गेले. त्या शनिवारी आम्ही पायऱ्यांवर होतो, वादिम लवोविच सगळ्यात वर, भिंतीला टेकून, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. कापितोलिना दगडांवर पाणी फेकत होती. दार उघडून ताल्गातने डोकं आत घातलं.

"साहेब, नगरपालिकेतून फोन आहे. नव्या पंतप्रधानांचं काय करायचं, विचारतायत."

"दार लाव!" वादिम लवोविच ओरडला.